थंडी आणि आपले पाय



मार्गशीर्ष सरला, पौष लागला. सकाळी परिपाठाला तुम्ही मैदानात बसता तेव्हा माझी नजर तुमच्या पायांकडे जाते. कुणाच्या टाचा भेगाळलेल्या, कुणाच्या घोट्यांवर पांढरे ओरखडे, तर कुणाच्या भेगेतून रक्तही आलेले. काल पाचवीतल्या एका मुलाला विचारले, "अरे, दुखत नाही का?" तो म्हणाला, "सवय झाली, गुरुजी." हे उत्तर ऐकून माझ्या पोटात कालवले. का, ते पुढे सांगतो. आधी पायांचा पाठ शिकू या.

आपल्या एका पायात घोट्यापासून बोटांपर्यंत 26 हाडे असतात. शरीराचा सगळा भार हाच पाय वाहतो. अंगावरच्या कातडीखाली तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, त्यामुळे कातडी मऊ राहते. तळपायाला मात्र अशा ग्रंथी नसतात. तिथे फक्त घामाच्या ग्रंथी असतात. थंडीत हवा कोरडी होते आणि घामही कमी येतो. मग टाचेची जाड कातडी सुकून कडक होते, वरून भार पडला की वाळलेल्या तळ्याच्या चिखलासारखी तडकते. हीच भेग. कोणी तिला जळवात म्हणतात. रात्री ज्वारी-गव्हाला पाणी धरणारे, अनवाणी चालणारे, गार पाण्यात काम करणारे, यांना तिचा त्रास जास्त.

उपाय घरचेच आहेत. रात्री निजण्यापूर्वी पाय कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवावेत. पाणी कढत नको. आधी कोपर बुडवून पाहावे. वज्री हलक्या हाताने फिरवावी. ब्लेडने कातडे कापण्याचा खुळेपणा कोणी करू नये. पाय टिपून घ्यावेत, बोटांची बेचकी कोरडी करावीत, आणि कातडी किंचित ओलसर असतानाच खोबरेल किंवा तिळाचे तेल चोळावे. तेल कातडीत पाणी घालत नाही, असलेले पाणी उडू देत नाही. म्हणून धुतल्यावर लगेच लावायचे. बेचक्यांत मात्र तेल नको, तिथे ओल राहून चिखल्या होतात. कोकणात रातांब्याच्या बियांचे तेल काढतात. थंडीत ते मेणासारखे घट्ट होते. भेगांना ते फार चांगले. वरून जुने सुती पायमोजे घातले की काम झाले. आणि हो, तेलाच्या पायांनी फरशीवर चालू नका, आपटाल!

पाय चोळणे ही आपली जुनीच रीत आहे. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या ग्रंथात रोज अंगाला तेल लावावे, त्यातही डोके, कान आणि पाय यांना विशेष लावावे, असे सांगितले आहे. पुष्कळ घरांत काशाच्या वाटीने तळपाय घासतात. तूप लावून वाटी फिरवली की तळवा काळा होतो. आजी म्हणते, "बघ, किती उष्णता निघाली!"

हे खरे का, ते आम्ही सातवीच्या वर्गात करून पाहिले. जाड मांजरपाटाच्या तुकड्याला तूप लावले आणि त्यावर काशाची वाटी जोर लावून बराच वेळ घासली. कापड काळपट झाले! एक मुलगी पटकन म्हणाली, "गुरुजी, कापडाला कसली आली उष्णता?" अगदी बरोबर. कासे म्हणजे तांबे व कथील यांचा मिश्रधातू. घासल्यावर त्याचे अतिशय बारीक कण सुटतात, तुपात मिसळतात आणि काळे दिसतात. म्हणजे तो काळेपणा वाटीचा, पायाचा नव्हे. पण म्हणून वाटी फेकून द्यायची का? मुळीच नाही. घासल्याने पायाला ऊब येते, शिणलेले स्नायू सैल होतात, झोप छान लागते. एवढा गुण खरा आहे, तो घ्यावा. जो नाही तो चिकटवू नये.

आता दुसरी गोष्ट. जत्रेत तळपायाचा एक रंगीत तक्ता विकायला असतो. अंगठ्यावर डोके, मध्ये पोट, टाचेकडे आतडी, असे सगळे शरीर त्यात पायावर मांडलेले असते. जो भाग आजारी, त्याचा बिंदू दाबायचा. या पद्धतीला रिफ्लेक्सॉलॉजी म्हणतात. अमेरिकेतले डॉक्टर विल्यम फिट्झजेराल्ड यांनी शरीराचे दहा उभे पट्टे कल्पिले. त्यांचे पुस्तक 1917 साली निघाले. पुढे तिथल्याच युनिस इंगहॅम यांनी तळपायाचा नकाशा तयार केला व 1938 साली पुस्तक लिहिले. पाय दाबल्याने बरे वाटते, मन शांत होते, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु तळव्यातल्या मज्जातंतू पाठीच्या कण्याकडे व तिथून मेंदूकडे निरोप नेतात. तळव्याच्या एका ठिपक्यापासून थेट स्वादुपिंडाकडे जाणारी वाट शरीरात सापडलेली नाही. बिंदू दाबून मधुमेह बरा होतो, असेही सिद्ध झालेले नाही.

हे मला पुस्तकातून नव्हे, घरातून कळले. तेच सांगायचे आहे.

माझ्या आईला मधुमेह. 2016 सालच्या हिवाळ्यात मी जत्रेतून तो तक्ता आणि काट्याकाट्यांचा एक लाकडी रोलर आणला. रोज रात्री आईचा पाय मांडीवर घ्यायचा आणि स्वादुपिंडाचा बिंदू रोलरने दाबायचा, असा नेम केला. पहिल्या दिवशी मी जपून दाबले. आई म्हणाली, "दाब की जोरात, मला काही दुखत नाही." आठ दिवसांनी पुन्हा तेच, "काही दुखत नाही रे." मला वाटले, गुण आला! आईलाही तसेच वाटले. तिने गोळ्या निम्म्यावर आणल्या. मला ते कळले होते. शिकलेला माणूस मी, पण गप्प बसलो. दिवा बारीक असायचा, बोलता बोलता दाबायचे, उठायचे. पाय हातात असे, पण पाय पाहिला कोणी?

एके सकाळी अंथरुणावर डाग दिसला. पाय वळवून पाहतो तर जिथे रोलर फिरवत होतो तिथेच फोड फुटून जखम झालेली. आईला पत्ताच नव्हता. तालुक्याच्या गावी डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा एक तंतू तळव्याला ठिकठिकाणी टेकवून विचारले, "कळतंय का?" आई गप्प. त्यांनी पुन्हा टेकवला. आई म्हणाली, "टेकवा ना, मग सांगते." मी तोंड फिरवले.

बरीच वर्षे साखर वाढलेली राहिली की पायाच्या मज्जातंतू बधिर होतात. रक्तपुरवठाही कमी होतो. काटा मोडला, चटका बसला तरी कळत नाही. जखम चिघळते, कधी कधी पाय कापण्याची वेळ येते. आईला दुखत नव्हते ते बरे झाल्यामुळे नव्हे, बधिर झाल्यामुळे. अडीच महिने पट्टी बांधली, गोळ्या पूर्ववत सुरू केल्या, तेव्हा जखम भरली. पाय वाचला. रोलर मी चुलीत घातला.

आता मी रोज रात्री आईचे पाय तेलाने हलकेच चोळतो. पण आधी दिवा जवळ घेतो आणि तळवा, टाच, बेचकी नीट पाहतो. आई हसते, "काय शोधतोस रे?" मी म्हणतो, "काही सापडू नये म्हणून शोधतो."

2023 साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यानुसार आपल्या देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. तेव्हा तुमच्याही घरी, निदान शेजारी, असे कोणी असेलच. म्हणून एवढे ध्यानात ठेवा:

1. रोज रात्री स्वतःचे पाय धुवा, पाहा, मग तेल लावा.
2. घरात मधुमेह असलेल्यांचे पाय तुम्ही पाहा. वाकून स्वतःचा तळवा पाहणे म्हाताऱ्या माणसांना जमत नाही, त्यांची नजरही मंद असते.
3. त्यांचे पाय पाण्यात भिजत ठेवू नका. कोमट पाण्याने धुवून लगेच कोरडे करा. पाणी किती कढत आहे ते तुमच्या कोपराने पाहा.
4. बधिर पायाला शेकोटी, गरम वीट, गरम पाण्याची पिशवी, रोलर, वज्री, काशाची वाटी काहीही नको. मऊ हात आणि तेल पुरे.
5. फोड, जखम, काळा डाग, सूज दिसली तर त्याच दिवशी दवाखाना. घरचा लेप लावून वाट पाहू नका.
6. पाय चोळले म्हणून गोळी बंद करू नये. चोळणे चोळण्याच्या जागी, औषध औषधाच्या जागी.
7. दारे-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी पेटवू नका. तिचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नाही. झोपेतच जीव जातो.

आता पाचवीतल्या त्या मुलाकडे वळतो. बाळा, सवय झाली म्हणजे पाय बरा झाला असे नव्हे. दुखणे हा शरीराने पाठवलेला निरोप आहे. तो आला की वाचावा. आणि ज्यांच्याकडे तो येणेच थांबले आहे, त्यांच्यासाठी आपण डोळे व्हावे.

घरचा अभ्यास: आज रात्री आजी-आजोबांचे पाय दिव्याजवळ घेऊन पाहा. काय दिसले ते चार ओळींत लिहून आणा. चांगले लेखन पुढच्या अंकात इथेच लावू. मात्र काही जखम दिसली, तर अंकाची वाट न पाहता तेव्हाच घरच्यांना सांगा.

— तुमचे गुरुजी