पांघरता येईल असंच छाप

चि. सोनूस,


आजीच्या लुगड्यांवर तिचे फोटो छापून गोधडी करायची म्हणतेस. वाचून डोळे भरले. पण कात्री लावायच्या आधी माझं जरा ऐक.

फोटो राहू दे, ते अल्बममध्ये आहेत. तिचं हिरवं लुगडं उजेडात धर. पदराजवळ चुलीच्या ठिणगीनं पडलेलं भोक आहे आणि त्यावर तिच्या हातचं बोटभर रफू. त्या रफूचा ठसा घे. तुमच्या कॉलेजात एचिंगचा प्रेस आहे. तांब्याच्या पत्र्यावर मऊ मेणाचा थर दे, वर ते कापड ठेवून दाब दे. टाका न् टाका मेणात उमटेल, मग ॲसिडनं पत्र्यात उतरेल. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड गावच्या गोधड्या शिवणाऱ्या बायकांनी 2005 साली बर्कलीच्या एका छापखान्यात याच रीतीनं एचिंग केलं. मेरी ली बेंडॉल्फ त्यांतल्याच. याच गावच्या मिसूरी पेटवेनं 1942 साली नवरा गेल्यावर त्याच्या शेतातल्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली होती, तिच्याखाली निजता यावं म्हणून. मला ती बाई फार जवळची वाटते.

निजता यावं, हे तू सोडू नकोस. तुझ्या बारशाला मी हौसेनं दुपट्यावर तेलाच्या शाईनं हत्ती छापले होते. कापड पुठ्ठ्यासारखं ताठ झालं. अंगाला लागलं की तू रडायचीस. आजी मला काही बोलली नाही. तिनं दुपटं उलटं केलं आणि आतून आपल्या जुन्या लुगड्याचा थर लावून दिला. त्यावर तू झोपलीस. म्हणून सांगते, कापडावर पाण्यात मिसळणारी कापडाचीच शाई वापर, रोलरनं अगदी पातळ लाव आणि वाळल्यावर इस्त्री फिरव. सगळ्या तुकड्यांवर छापूही नकोस. गालाशी येणारा काठ कोरा ठेव.

कालनिर्णयवर आजी दुधाचा खाडा लिहायची, ती पानं माझ्याकडे आहेत. ‘खाडा’ हा शब्द तिच्या वळणात लिनोवर कोरता येईल. तिचा ‘ख’ नेहमी र-व सुटा पडायचा, तो सुधारू नकोस. ट्रेसिंग पेपर मात्र उलटा ठेवून गिरव, नाहीतर छापल्यावर अक्षरं आरशातली दिसतील.

रविवारी ये. लुगडी आदल्या रात्री भिजत घालते, खळ पुरती निघाल्याशिवाय शाई धरायची नाही. आत आजोबांचं धोतर घालू. कडेपासून सुरुवात करून धावदोरा घालत मध्याकडे यायचं. पहिली ओळ तुझ्या बाबाला घालू दे. त्याला टाका येतो, आजीनंच शिकवलाय.

तुझी,
आत्या