नाताळात शेजार सांभाळताना

बुटीबोरीत नाताळ एमआयडीसीच्या पाळ्या सांभाळून करावा लागतो. आमच्या खोल्यांच्या ओळीत बिहार, ओडिशा, छत्तीसगडची माणसं आहेत, वर्धा-यवतमाळकडचीही. ख्रिस्ती घर आमचं एकट्याचं. या शेजारानं मला जे शिकवलं, ते सांगते.

1. शेजारी आपण निवडत नाही. लूकच्या शुभवर्तमानात एक शास्त्री येशूला विचारतो, माझा शेजारी कोण? येशू यरीहोच्या वाटेवर लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या माणसाची गोष्ट सांगतो. याजक आणि लेवी बाजूनं निघून जातात, परजातीचा शोमरोनी थांबतो. तो जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेतो, पैसे देतो आणि वर सांगतो, जास्त खर्च आला तर परतताना फेडीन. माझं मन या शेवटच्या बोलण्यावर अडतं. एकदा मदत करून सुटका होत नाही, पुन्हा यावं लागतं. कारखान्यात कुणाचा हात दुखावला, तर पहिल्या दिवशी दवाखान्यात सगळेच जातात. टाके काढायला सोबत कोण जातं, ते बघा.

2. आधी पाळी विचारा, मग फराळ न्या. दाराबाहेर सेफ्टी शूज दिसले की समजायचं, भाऊ रात्रपाळी करून झोपलाय. अशा वेळी करोल म्हणणाऱ्या पोरांना मी ओळीच्या तोंडाशीच थांबवते. करंज्या-अनारशांचं ताट संध्याकाळी, तो उठल्यावर जातं. रात्री कामावर निघणाऱ्याच्या डब्यात केक पडतो तो वेगळाच. चर्चमधून उशिरा आलं तरी चालेल, डबा वेळेत भरला पाहिजे.

3. पंचवीस डिसेंबर एकट्या आपला नाही. 1927 साली याच तारखेला महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली. शेजारच्या बौद्ध काकूंकडे त्या दिवशी कार्यक्रम असतो. मी उपासनेहून आले की तिकडं जाऊन बसते, खुर्च्या लावू लागते. संध्याकाळी काकू आमच्या गव्हाणीपुढं मेणबत्ती लावतात. माणसाला माणूस म्हणून मान मिळावा, हे दोन्ही घरांना मनापासून हवं आहे.

4. शेजाऱ्याची भाषा थोडी तरी शिका. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे, ते स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडहून 1845 साली नागपुरात आले. मराठी शिकले, शाळा काढली, गोंडांची भाषा आणि रीतिरिवाज टिपून ठेवले. 4 सप्टेंबर 1863 रोजी आपल्या इथल्याच टाकळघाटजवळ, पुराचा ओढा ओलांडताना ते बुडाले. त्यांची ती टिपणं 1866 मध्ये छापली गेली. इथल्या माणसांचं बोलणं कान देऊन ऐकल्याशिवाय असं काम होत नाही. मी बिहारी शेजाऱ्याला सकाळी 'का हाल बा' एवढंच विचारते, तर तो गावच्या आईपर्यंत सगळं सांगतो.

5. देऊन काही मागू नका. ताटासोबत चर्चचं निमंत्रण देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. कुणी आपण होऊन विचारलं, तर आनंदानं न्यावं.

या नाताळात तुमच्या ओळीत ज्याला गावी जायला रजा मिळाली नसेल, त्याच्या पाळीची वेळ आजच विचारून घ्या आणि त्याला घरी जेवायला बोलवा.