कागद कोणाचा, मागावा कसा?

(द्वितीय वर्ष कला)

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बाबा मिठागरात कामाला, आई भाजी विकते. घरात कसलाही सरकारी कागद आला की तो माझ्यासाठी वेगळा काढून ठेवला जातो. "बाय येईल, ती वाचेल," असे आई म्हणते. गेल्या वर्षी मात्र असा एक कागद आला की तो वाचता आला, पण त्याचे काय करावे ते कळेना. त्यातून मला जे शिकावे लागले तेच या लेखात मांडत आहे. राज्यशास्त्राच्या तासाला आपण 'नागरिक आणि शासन' हे प्रकरण शिकतो. त्याचेच हे घरगुती उदाहरण समजावे.

प्रश्न कसा उभा राहिला

फेब्रुवारी २०१४ मध्ये गावातल्या क्रिकेट सामन्यावरून मारामारी झाली. सात-आठ मुलांवर गुन्हा दाखल झाला, त्यात माझा थोरला भाऊही होता. तीन वर्षे तारखा पडल्या आणि २०१७ मध्ये सगळे निर्दोष सुटले. निकालाची नक्कल वकिलांनी आणून दिली होती. ती आईने पत्र्याच्या पेटीत ठेवली. जुलै २०१८ मध्ये वसईत पाणी भरले, मिठागरांच्या वस्त्या वेढल्या गेल्या, त्यात आमची पेटीही भिजली. कागदांचा लगदा झाला. खटला संपला होता, म्हणून कोणाला फारसे वाईटही वाटले नाही.

गेल्या वर्षी दादाला एका कंपनीत चालकाची नोकरी मिळत होती. चारित्र्य पडताळणीत त्याच्या नावापुढे गुन्ह्याची नोंद निघाली. "निर्दोष सुटलो," हे तो सांगू शकत होता, दाखवू शकत नव्हता. सुटका झालेला माणूस आणि सुटकेचा कागद असलेला माणूस यांच्यात किती अंतर असते ते त्या दिवशी आम्हाला कळले.

माझी चूक

माहितीचा अधिकार मला पुस्तकातून माहीत होता. महाराष्ट्राने असा कायदा २००२ मध्येच केला होता. केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ रोजी पूर्णपणे अमलात आला आणि त्याखालचा पहिला अर्ज पुण्यातल्या एका पोलीस ठाण्यात दिला गेला, असे सांगतात. हे आठवून मला स्फुरण चढले. मी माझ्या नावाने अर्ज लिहिला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि पोलिसांकडे निकालाची प्रत मागितली.

कागद त्यांच्याकडचा नाही म्हणून अर्ज न्यायालयाकडे पाठवला गेला. तसे पाठवण्याची तरतूद कलम ६(३) मध्येच आहे. न्यायालयाकडून उत्तर आले की प्रत हवी असल्यास न्यायालयाच्या नियमांप्रमाणे नकलेचा अर्ज करावा. या फेऱ्यात दीड महिना गेला. मला राग आला. पण नंतर वाचताना कळले की उत्तर बरोबर होते. गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी हेच ठरवले आहे : न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांत नक्कल मिळण्याची सोय असेल तर ती त्याच वाटेने घ्यावी, माहिती अधिकारातून नव्हे.

शेवटी कोर्टाच्या आवारात एका वकिलाच्या वयस्क कारकुनाने माझे कागद पाहिले आणि हसून म्हटले, "बाय, कागद तुझ्या भावाचा. मग परक्यासारखा अर्ज का केलास?"

माझ्या मते सगळा विषय या एका प्रश्नात आहे. कागद मागण्यापूर्वी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. तो कोणाच्या ताब्यात आहे, ही पहिली. आपण कोणत्या नात्याने मागतो, म्हणजे त्या प्रकरणातला माणूस म्हणून की केवळ नागरिक म्हणून, ही दुसरी.

तीन दारे

*पहिले दार पोलीस ठाण्याचे.* फिर्याद देणाऱ्याला प्रथम खबरीची म्हणजे एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये पीडित व्यक्तीचाही उल्लेख आहे. आरोपीलाही अर्ज करून प्रत घेता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिलेल्या आदेशाप्रमाणे एफआयआर साधारणतः चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकायचा असतो. लैंगिक अत्याचारासारखे नाजूक गुन्हे त्यातून वगळले आहेत. बाकीच्या कागदांसाठी माहिती अधिकार आहे. परंतु कलम ८(१)(ज) प्रमाणे तपासात किंवा खटल्यात अडथळा येईल अशी माहिती नाकारता येते. मात्र नुसते "तपास चालू आहे" म्हणणे पुरेसे नाही, अडथळा कसा येईल ते दाखवावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये म्हटले आहे.

आपल्या भागात येथे आणखी एक अडचण आहे. आपले पोलीस ठाणे जुलै २०१४ पर्यंत ठाणे ग्रामीण पोलिसांकडे होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला आणि ते तिकडे गेले. १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झाले. सहा-सात वर्षांत तीन वरिष्ठ कार्यालये झाली. म्हणून जुना कागद मागताना पोलीस ठाण्याचे नाव, गुन्हा रजिस्टर क्रमांक आणि वर्ष हे तिन्ही लिहावेत. कार्यालय बदलले तरी या खुणांवरून शोध घेता येतो.

*दुसरे दार न्यायालयाचे.* दोषारोपपत्र, साक्षी, निकाल हे सारे न्यायालयाच्या अभिलेखात असते. तेथे पक्षकाराने नकलेचा अर्ज द्यायचा. त्यात खटल्याचा क्रमांक, वर्ष, न्यायालय आणि निकालाची तारीख लागते. क्रमांक हरवला असेल तर न्यायालयांच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने किंवा गुन्हा क्रमांकाने शोधता येतो. आम्हाला तो तसाच सापडला. पक्षकार नसलेल्यालाही नक्कल मिळू शकते, मात्र तिला नियमांच्या अटी असतात. नोकरीसाठी नुसती छापलेली प्रत चालेलच असे नाही. म्हणून शिक्क्याची, प्रमाणित नक्कलच मागावी.

*तिसरे दार महानगरपालिकेचे.* वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी स्थापन झाली. पोलीस प्रकरणाशी पालिकेचा काय संबंध, असे वाटेल. परंतु अनधिकृत बांधकामाबाबत गुन्हा नोंदवण्यासाठी पालिकाच पोलिसांना पत्र देते. त्या पत्राची स्थळप्रत पालिकेच्या फाइलीत असते आणि ती पालिकेकडे मागता येते. नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीतल्या ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशाने २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत पाडण्यात आल्या. त्या सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव जागेवर होत्या. हजारो माणसे बेघर झाली. घर घेण्यापूर्वी जमिनीचे आरक्षण, बांधकाम परवानगी आणि दाखल गुन्हे हे तीन कागद कसे तपासावेत, हे आपल्या तालुक्यात शाळेतच शिकवायला हवे असे मला वाटते.

अर्ज लिहिताना

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे माहितीचा अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत असावा लागतो. "कारवाई का केली नाही?" असे विचारू नये. कायद्याने मिळतो तो अस्तित्वात असलेला कागद, खुलासा नव्हे. त्याऐवजी "अमुक तारखेच्या माझ्या अर्जाची आवक नोंद, त्यावरील शेरे आणि पाठवलेल्या पत्रांच्या प्रती मिळाव्यात," असे लिहावे. शेऱ्यांवरूनच अर्ज कोणाच्या टेबलावर थांबला ते समजते.

उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत आहे. जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांची. प्रतीला पानामागे दोन रुपये पडतात. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर तीस दिवसांत पहिले अपील करावे, त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प लागतो. त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. प्रत्येक वेळी दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. पोच नसेल तर आपण अर्ज केला होता हेही सिद्ध होत नाही.

समारोप

दादाने स्वतःच्या सहीने नकलेचा अर्ज दिला. अभिलेख शोधून नक्कल मिळायला दोन आठवडे लागले. नऊ पानांचा तो निकाल मी घरी मोठ्याने वाचला. शेवटच्या परिच्छेदातले 'निर्दोष मुक्तता' हे शब्द आईने मला दोनदा वाचायला लावले. कंपनीतली जागा तोपर्यंत भरली होती. मी पहिल्याच दिवशी योग्य दार ठोठावले असते तर कदाचित ती गेली नसती, ही रुखरुख मला राहील. पुढच्या पडताळणीच्या अर्जाला मात्र आम्ही ती नक्कल जोडली आहे.

आता ती पेटीत नाही. तिच्या तीन झेरॉक्स काढल्या आहेत. मूळ प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईने माळ्यावर, पाणी पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवली आहे. आमच्या वस्तीतल्या आणखी दोन घरांत अशाच जुन्या खटल्यांचे कागद हरवले आहेत. दिवाळीच्या सुट्टीत त्यांचे अर्ज मी लिहून देणार आहे. या वेळी मात्र पहिला प्रश्न मी आधीच विचारला आहे : कागद कोणाचा?