चेन बदलायची की नाही? स्टीलपट्टीला विचारा!

सायकल रिपेअरिंगचं दुकान टाकताय? मग गिअरच्या सायकलची चेन अंदाजाने नाही, मोजून बदला.

चेन पुसा. पेडलवर हलका दाब देऊन वरची बाजू ताठ करा. पट्टीचं शून्य एका पिनच्या मध्यावर ठेवा. आतल्या-बाहेरच्या वेगळ्या धरून २४ कड्या मोजा. नव्या चेनमध्ये पुढची पिन बरोबर १२ इंचावर येते.

- १२ इंचावरच: तेल द्या, चालू द्या.
- १/१६ इंच पुढे: चेन बदला. फ्रीव्हील बहुतेक वाचतं.
- १/८ इंच पुढे: फ्रीव्हीलचे दातेही झिजलेले असणार.

पिनांच्या जोडात झीज झाली की चेन लांबते आणि दाते खाते. अशा फ्रीव्हीलवर नुसती नवी चेन टाकली, तर चढावर जोर लावताच सटकते. मग गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात, "कालच पैसे दिले ना?" म्हणून चेन टाकल्यावर आधी स्वतः जोर लावून चालवून बघा. फ्रीव्हीलचा खर्च काम सुरू करण्याआधीच सांगा.

आणि पट्टी गिऱ्हाइकाला दाखवा. चेन चांगली असेल तर तसंही सांगा. आज चेनचे पैसे गेले, पण माणूस परत येतो.

गृहपाठ: ओळखीच्या पाच सायकली मोजा, वहीत लिहा.