एका फरशीवर थांबणे

काष्टी, ता. श्रीगोंदा, जि. अहिल्यानगर

चिरंजीव भाच्यास मामाचे अनेक आशीर्वाद. विशेष.

घराच्या चार भिंतींत उडणारे छोटे हेलिकॉप्टर बहुधा खेळणे समजून घेतले जाते आणि आठवडाभरात पाते मोडून कपाटावर जाऊन बसते. याचा दोष यंत्राच्या नाजूकपणाला दिला जात असला तरी खरे कारण हे की, ते उडवणे ही हाताला बसवावी लागणारी विद्या आहे, हे घेणाऱ्याला कोणी सांगितलेले नसते. चिरंजीवाने पुढे उसावर फवारणी करणाऱ्या ड्रोनचे काम धरण्याचा मानस कळवला आहे आणि त्याआधी हे छोटे हेलिकॉप्टर शिकण्याचे ठरवले आहे, हा क्रम योग्य आहे. फवारणीच्या ड्रोनला चार, सहा किंवा त्याहून अधिक पंखे असतात, त्यांचा वेग आतला संगणक क्षणाक्षणाला बदलत असतो, आणि उपग्रहांच्या साहाय्याने स्वतःची जागा ओळखणाऱ्या जीपीएस यंत्रणेमुळे रिमोटवरचे हात सोडले तरी ड्रोन जागच्या जागी उभा राहतो. ती यंत्रणा काही कारणाने निकामी झाली, की तोच ड्रोन वाऱ्याबरोबर वाहू लागतो, आणि मग तो सुखरूप उतरणे चालवणाऱ्याच्या बोटांत मुरलेल्या सवयीवर अवलंबून राहते. ही सवय लावणारा, स्वस्त आणि कोणालाही इजा होण्याचा फारसा संभव नसलेला गुरू म्हणून घरातल्या हेलिकॉप्टरकडे पाहावे.

हेलिकॉप्टरचा पंखा, म्हणजे रोटर, एका दिशेने फिरू लागला की त्याखालचे धड उलट दिशेने फिरू पाहते. या पिळाला टॉर्क म्हणतात. मोठ्या हेलिकॉप्टरच्या शेपटीवर जो लहान उभा पंखा दिसतो, तो मुख्यतः हा पीळ आवरण्यासाठी असतो. नवशिक्यासाठी असलेल्या जातीत हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवलेला असतो: एकाच आसावर, एकावर एक, असे दोन रोटर परस्परविरुद्ध दिशांना फिरतात, त्यांचे पीळ एकमेकांना मारतात आणि धड स्थिर राहते. या रचनेला कोअ‍ॅक्सिअल, म्हणजे समाक्ष, असे नाव आहे. वरच्या रोटरच्याही वर टोकांना वजन असलेली एक आडवी दांडी फिरत असते. फिरत्या भोवऱ्याप्रमाणे ती आपली पातळी सोडायला तयार नसते, आणि यंत्र कलू लागले की रोटरला पुन्हा पातळीकडे ओढून आणते.

ही दांडी केवळ शोभेची आहे असे पुष्कळांना वाटते, म्हणून तिची हकिगत थोडी सांगणे अवश्य आहे. अमेरिकेतील आर्थर यंग या संशोधकाने अनेक वर्षे विजेवर चालणारी छोटी हेलिकॉप्टरे करून, मोडून, पुन्हा करून या स्थिरता देणाऱ्या दांडीचा शोध लावला. 1941 साली त्याने तारेने दुरून चालवलेला असा नमुना बेल कंपनीला दाखवला, आणि त्या कामातूनच बेल 47 हे हेलिकॉप्टर निर्माण झाले, ज्याला 8 मार्च 1946 रोजी नागरी वापराचे पहिले प्रमाणपत्र मिळाले. मोठे हेलिकॉप्टर आधी आणि त्याची नक्कल म्हणून खेळणे नंतर, असा जो समज असतो, त्याच्या अगदी उलट असा हा प्रकार आहे. हातातल्या चाळीस ग्रॅमच्या यंत्राला तुच्छ न मानण्यास एवढे कारण पुरेसे आहे.

खरेदीच्या बाबतीत काष्टीच्या माणसाला वेगळा उपदेश लागू नये. येथल्या शनिवारच्या जनावरांच्या बाजारात जाणता शेतकरी बैलाचा रंग पाहून पैसे मोजत नाही. दात पाहतो, खूर पाहतो आणि चार पावले चालवून मगच भाव बोलतो. त्याच रीतीने डब्यावरच्या चित्राला न भुलता दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली ही की, सुटी पाती, मुख्य गिअर, आस आणि बॅटरी त्या यंत्रासाठी वेगळी मिळतात की नाही. ज्याचे सुटे भाग मिळत नाहीत ते कितीही स्वस्त असले तरी शिकण्याच्या कामाचे नाही, कारण शिकणे म्हणजे काही काळ पाडणेच होय. दुसरी गोष्ट चॅनेलची. रिमोटवरून जितक्या स्वतंत्र आज्ञा देता येतात तितके चॅनेल. तीन चॅनेलच्या हेलिकॉप्टरला वर-खाली, डावी-उजवी गिरकी आणि पुढे-मागे एवढेच कळते. ते भिंतीकडे आडवे सरकू लागले तर त्याला सरळ आडवे परत आणण्याची सोय नसते. चार चॅनेलच्या यंत्रात ती असते, आणि पुढच्या शिक्षणाचा सगळा पाया त्या चौथ्या आज्ञेत असल्यामुळे थोडे पैसे जास्त पडले तरी चार चॅनेलचे समाक्ष हेलिकॉप्टरच घ्यावे. स्वस्त तीन चॅनेलची यंत्रे पुष्कळदा टीव्हीच्या रिमोटप्रमाणे अवरक्त किरणांवर चालतात आणि खिडकीतून उन्हाची तिरीप आली की आज्ञा ऐकेनाशी होतात; 2.4 गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवर चालणाऱ्यांना हा त्रास नसतो.

रिमोटवर दोन काड्या असतात. भारतात सर्रास वापरल्या जाणाऱ्या, मोड 2 म्हटल्या जाणाऱ्या मांडणीत डावी काडी वर-खाली केली की थ्रॉटल, म्हणजे रोटरचा जोर, वाढतो किंवा उतरतो, आणि तीच डावी-उजवीकडे नेली की यंत्राचे नाक वळते, याला रडर म्हणतात. उजव्या काडीने यंत्र पुढे-मागे जाते ते एलिव्हेटर आणि आडवे सरकते ते एलेरॉन. काड्यांच्या शेजारी जी बारीक बटणे असतात त्यांना ट्रिम म्हणतात. हात न लावता यंत्र सतत एकाच बाजूला जात असेल तर ती ओढ ट्रिमने काढून टाकावी, बोटाने ती कायम धरून ठेवू नये, कारण धरलेले बोट थकते आणि थकलेले बोट चुकते.

आता मूळ मुद्दा. हेलिकॉप्टर हवेत एका जागी उभे ठेवणे, ज्याला हॉवर म्हणतात, हीच या विद्येची बाराखडी आहे. पुढे जाणे, वळणे, आठाचा आकडा काढणे हा सगळा त्याचाच विस्तार होय. नवशिक्याला मात्र थांबणे ही नीरस गोष्ट वाटते, तो पहिल्याच बॅटरीत खोलीची प्रदक्षिणा करू पाहतो आणि ट्यूबलाइटवर जाऊन आपटतो. विमानाला वेग असला म्हणजे ते बऱ्याच अंशी आपला तोल स्वतः सांभाळते. थांबलेले हेलिकॉप्टर मात्र सतत कुठेतरी घरंगळायच्या बेतात असते, आणि म्हणून थांबवणे हे काम चालवण्यापेक्षा अवघड आहे. इगोर सिकोर्स्कीने 14 सप्टेंबर 1939 रोजी आपले व्हीएस 300 हे हेलिकॉप्टर पहिल्यांदा जमिनीवरून उचलले तेव्हा ते दोरांनी जमिनीशी बांधलेले होते. ज्याने यंत्र घडवले त्यालाही आधी थांबणेच शिकावे लागले.

थांबवण्याचे मर्म परतदुरुस्तीत आहे. यंत्र डावीकडे सरकू लागले की उजवी काडी किंचित उजवीकडे न्यावी, हे सगळ्यांना सुचते; पण यंत्र परत फिरण्याआधीच काडी मध्यावर आणली पाहिजे आणि ते जागेवर पोहोचता पोहोचता डावीकडे एक हलका स्पर्शही दिला पाहिजे, हे सुचत नाही. हवेत चाकांचे घर्षण नसते, त्यामुळे एकदा मिळालेली गती आपोआप जिरत नाही. पहिली दुरुस्ती करून थांबलेल्या नवशिक्याचे यंत्र लगेच दुसऱ्या भिंतीकडे जाते, तो घाबरून जास्त काडी ओढतो, आणि यंत्र झुल्यासारखे दोन्हीकडे वाढत्या झोक्याने हेलकावू लागते. अशा वेळी उजवी काडी मध्यावर सोडून हलकेच खाली उतरणे हाच उपाय आहे. चांगला गाडीवान कासरा हिसकत नाही, बोटाच्या टोकाने जाणीव देतो, हे चिरंजीवाने लहानपणापासून पाहिलेले आहे. रिमोटच्या काडीची चाल त्याहूनही कमी, एखाद्या ज्वारीच्या दाण्याएवढी असावी.

दुसरी अडचण दिशेची. नांगर किंवा पाभर धरणारा माणूस बैलांच्या मागे चालतो, म्हणून त्याची उजवी बाजू तीच बैलाचीही असते. बैलाच्या तोंडासमोर उभे राहिले की डावे-उजवे बदलते. हेलिकॉप्टरचेही असेच आहे. त्याची शेपटी आपल्याकडे आणि नाक पलीकडे असेपर्यंत हात आणि यंत्र एका दिशेचे असतात; नाक आपल्याकडे वळले की उजवीकडे दिलेली आज्ञा डोळ्यांना डावीकडे गेलेली दिसते आणि मन गोंधळते. म्हणून पहिले पंधरा-वीस दिवस शेपटी आपल्याकडे ठेवण्याचा नियम मोडू नये, त्यानंतर यंत्राची कूस दिसेल असे उभे ठेवून सराव करावा, आणि नाक समोर घेण्याची घाई तर मुळीच करू नये.

जागेसाठी घराच्या बैठकीपेक्षा मंगल कार्यालय उत्तम. चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त सहसा नसतात, बाहेर पावसाळी वारा असतो आणि कार्यालयाचे दालन रिकामे पडलेले असते. शिकणाऱ्याला इतकी अनुकूल जागा वर्षात पुन्हा मिळत नाही. बंद, उंच छताचे आणि फरशीचे दालन यासाठी हवे की, लहान खोलीत रोटरने खाली फेकलेली हवा भिंतींवर आपटून वर चढते, पुन्हा रोटरमध्येच येते आणि यंत्राला विनाकारण ढकलते. छताचे पंखे पूर्ण थांबल्याशिवाय उड्डाण करू नये. फरशी मात्र आधी बारकाईने झाडून घ्यावी, कारण रोटरचा झोत राहिलेली रांगोळी उडवतो आणि तिची पूड गिअरच्या दातांत जाते. वाळलेल्या हाराचा दोरा किंवा एखादा लांब केस आसाभोवती गुंडाळला जातो. कालपर्यंत नीट उडणारे यंत्र आज उचलत नसेल तर बॅटरीला दोष देण्याआधी ते उजेडात धरून रोटरखालचा आस पाहावा. तेथे पुष्कळदा केसाचे बारीक काळे वेटोळे सापडते, आणि चिमट्याने ते काढले की यंत्र पूर्ववत चालते.

सरावासाठी फरशीवर दोन फूट बाय दोन फुटांच्या चार लाद्यांचा एक चौकोन खडूने आखून घ्यावा. यंत्र मध्यावर ठेवून, त्याच्या मागे आठ-दहा फुटांवर उभे राहून, थ्रॉटल थांबत थांबत न वाढवता एका ठाम चालीने वाढवावे आणि यंत्र गुडघा ते कमरेच्या उंचीवर न्यावे. पडण्याच्या भीतीने नवशिका ते वीतभर उंचीवरच ठेवतो, पण जमिनीपासून रोटरच्या व्यासाएवढ्या उंचीपर्यंत खाली दाबलेल्या हवेची एक उशी असते, याला ग्राउंड इफेक्ट म्हणतात, आणि त्या उशीवरून यंत्र ओल्या फरशीवरच्या साबणाप्रमाणे घसरत राहते. चार लाद्यांत अर्धा मिनिट थांबता आले की एक मिनिट, ते जमले की दोन लाद्या, आणि शेवटी एकच. यंत्र कशावरही आपटणार असे दिसताच थ्रॉटल तात्काळ शून्यावर आणण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. पाती अडकलेली असताना मोटरला वीज मिळत राहिली तर मोटर जळते किंवा गिअरचे दात झडतात. पाती हलकी असतात, त्यांनी हात कापत नाही, पण डोळ्याची गोष्ट निराळी. धाकट्या भावंडांना मागे बसवावे आणि यंत्र कोणाच्याही डोळ्यांच्या उंचीवर जवळ आणू नये.

बॅटरीविषयी मामाची कळकळीची सूचना आहे. या यंत्रांत लिथियम पॉलिमर, बोलीत लिपो, बॅटरी असते; तिच्या एका घटाचा दाब 3.7 व्होल्ट म्हणून सांगितला जातो, पूर्ण भरल्यावर तो 4.2 होतो आणि 3 च्या खाली उतरू दिला तर बॅटरी कायमची अधू होते. म्हणून यंत्राची उचल कमी झाली, की ती शेवटच्या थेंबापर्यंत न पिळता उतरावे, सहा-सात मिनिटांत तसे होतेच, आणि बॅटरी गार झाल्यावरच पुन्हा भरावी. भारनियमनाच्या दिवसांत रात्री वीज येईल म्हणून चार्जर लावून झोपी जाणे हा जो रिवाज मोबाइलच्या बाबतीत पडला आहे, तो येथे कदापि करू नये. लिपो बॅटरी नेहमी जागेपणी, नजरेसमोर, फरशीवर, गादी-कपड्यांपासून लांब भरावी. ती फुगली तर वापरणे बंद करावे. भोसकू नये, उकिरड्यावर टाकू नये, इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्याकडे द्यावी.

कायद्याची चिंता चिरंजीवाने तूर्त करू नये. 25 ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांत 250 ग्रॅमपर्यंतच्या यंत्रांचा नॅनो हा वर्ग आहे आणि त्यांना चालक प्रमाणपत्र लागत नाही. शेतीचे फवारणी ड्रोन बहुधा 2 ते 25 किलोच्या वर्गात मोडतात. त्यासाठी वयाची 18 वर्षे, दहावी उत्तीर्ण आणि मान्यताप्राप्त संस्थेतील प्रशिक्षण आवश्यक आहे. आपल्याच जिल्ह्यात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात ड्रोनवर काम चालते, त्याची चौकशी वेळ आल्यावर करता येईल. लष्करात जाण्याचा विचार कधी पक्का झालाच, तर सैन्याचे वैमानिक हेलिकॉप्टर शिकतात ते विद्यालयही नाशिकजवळ गांधीनगरला आहे, आणि तेथील मोठ्या हेलिकॉप्टरवरही नवख्याला हॉवरसाठीच झगडावे लागते.

गावातल्या मंगल कार्यालयाच्या मालकांशी मामाचे बोलणे झाले आहे. कार्तिकी एकादशीपर्यंत सकाळी सात ते नऊ दालन मोकळे मिळेल. येताना चिरंजीवाने खडू, बारीक चिमटा आणि पात्यांचा एक जादा जोड आणावा. केरसुणी येथे आहे.