दुर्गम वनक्षेत्रातील औषधपेटी आणि सर्पदंशाचे अर्थकारण

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये काही अपवाद वगळता आपल्या देशात शिकारीला बंदी आहे. त्यामुळे दूरच्या रानात जाताना औषधांची तयारी कशी करावी, हा प्रश्न आपल्याकडे शिकाऱ्यांचा राहिलेला नाही. तो मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचणाऱ्या कुटुंबांचा, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडणाऱ्या मजुरांचा आणि पायी गस्त घालणाऱ्या वनरक्षकांचा आहे. त्यात वैद्यकाइतकेच अर्थशास्त्रही आहे.

पेटीत काय असावे याचे उत्तर तुलनेने सोपे आहे. निर्जंतुक गॉझ, रुंद व त्रिकोणी पट्ट्या, जंतुनाशक द्रव, पॅरासिटामॉल, क्षारसंजीवनीची पाकिटे, साबण, विजेरी आणि शिट्टी. यापैकी साबणाचे महत्त्व सहसा ओळखले जात नाही. मोहाच्या हंगामात अस्वलाच्या हल्ल्यांचे प्रसंग घडतात. वन्य प्राण्याने चावा घेतल्यास जखम सुमारे १५ मिनिटे साबण व वाहत्या पाण्याने धुणे हा रेबीजविरुद्धचा पहिला उपाय आहे. अर्थात त्यानंतर प्रतिबंधक लस घ्यावीच लागते. अतिरक्तस्राव होत असेल, तर मात्र आधी जखम दाबून धरून तो थांबवावा.

सर्पदंशाचे स्वरूप निराळे आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातील, आणि जवळपास निम्मे जून ते सप्टेंबर या महिन्यांतील होते. येथे पेटीचे काम मर्यादित आहे. दंश झालेला अवयव बांबूच्या कामटीचा आधार देऊन सैलसर बांधावा, अंगठ्या व कडी काढावीत, रुग्णाला चालू न देता उचलून न्यावे. आवळून बांधणे, चिरा देणे, विष तोंडाने शोषणे हे सर्व घातक आहे. मांत्रिकाकडे जाण्यात गेलेला वेळ तर कोणतीही पेटी भरून काढू शकत नाही.

मग सर्पविषरोधी लसच पेटीत का ठेवू नये? आपण तिला लस म्हणतो. वस्तुतः ती घोड्याच्या रक्तातून मिळवलेली प्रतिपिंडे होत. ती शिरेतून द्यावी लागतात. काही रुग्णांत तीव्र ॲलर्जी होऊन जीव धोक्यात येतो, तेव्हा ॲड्रिनलिन देणारा डॉक्टर जवळ हवा. म्हणून ही लस आरोग्य केंद्रातच असली पाहिजे.

किती असावी, हे साध्या गणिताने समजते. भारतीय लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालते. १० मिलिलिटरच्या एका कुपीमुळे घोणसीचे ६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ होते. घोणस एका दंशात सरासरी सुमारे ६३ मिलिग्रॅम विष सोडते, असे भारतीय उपचारपद्धतीत गृहीत धरले जाते. म्हणजे सुरुवातीलाच साधारण १० कुप्या लागतात. साप बालकालाही तेवढेच विष देत असल्याने बालकाची मात्राही तेवढीच.

येथे अर्थशास्त्रातील अविभाज्यतेची संकल्पना उपयोगी पडते. ५० कुप्या २५ केंद्रांना प्रत्येकी दोन याप्रमाणे वाटल्या, तर कागदावर समन्यायी वाटप होते; पण एकाही रुग्णाची पहिली मात्रा कोणत्याच केंद्रात पूर्ण होत नाही. त्याच कुप्या दोन-तीन केंद्रांत ठेवून रुग्णवाहिकेची जोड दिली, तर निदान त्या केंद्रांत उपचार सुरू होतात. प्रस्तुत लेखकाच्या मते समानतेचा हिशेब कुप्यांत न मांडता उपचार मिळण्यास लागणाऱ्या वेळात मांडला पाहिजे. भुकटीच्या स्वरूपातील लसीला शीतसाखळीची सक्ती नसते, ही वीज बेभरवशाची असलेल्या भागांत मोठीच सोय आहे.

पुरवठ्याची बाजूही नाजूक आहे. ग्राहक गरीब, मागणी अनिश्चित आणि मुदतबाह्य साठ्याची जोखीम, यांमुळे खाजगी उत्पादकाला या औषधात फारसे आकर्षण नसते. आफ्रिकेसाठी लस बनवणाऱ्या एका फ्रेंच कंपनीने २०१४ मध्ये उत्पादन थांबवले आणि २०१६ मध्ये तिच्या अखेरच्या साठ्याची मुदत संपली. बाजाराच्या अपयशाचे उदाहरण म्हणून विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावे. आपल्याकडे विषाचा मुख्य स्रोत आहे तामिळनाडूतील इरुला सर्पपकड सहकारी संस्था, स्थापना १९७८. पूर्वी कातड्यासाठी साप मारणाऱ्या या जमातीचे कौशल्य कायद्याच्या बंदीनंतर विष काढण्याच्या कामी आले. तथापि एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशानुसार बदलते. त्यामुळे दक्षिणेतील विषापासून बनलेली लस अन्य भागांत कमी प्रभावी ठरू शकते. प्रादेशिक विषसंकलनाची मागणी त्यातूनच पुढे आली आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सर्पदंशाचे मृत्यू व अपंगत्व २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे धोरण जाहीर केले. केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यांना सर्पदंश अधिसूचनीय करण्यास सांगितले. म्हणजेच प्रत्येक रुग्णाची व मृत्यूची नोंद शासनास कळवणे रुग्णालयांवर बंधनकारक व्हावे. कोणत्या तालुक्यात, कोणत्या महिन्यात किती कुप्या लागतात, याचा अंदाज अशा नोंदींवरूनच बांधता येईल.