नवा राउटर आधी एकटा चालवा

खराबवाडीतल्या एका प्रेस शॉपच्या ऑफिसात वायफाय पोचत नव्हतं, म्हणून मालकांनी नवा राउटर मागवला. स्टोअरच्या पोराने तो खोक्यातून काढला, स्विचवरून आलेली वायर दिसेल त्या रिकाम्या पोर्टात खोचली. मोबाइलवर नेट आलं, सगळे खूश. जेवणाच्या सुट्टीत लाइट गेली, परत आली, आणि मला फोन: "दादा, निम्म्या कॉम्प्युटरना नेट नाही, टॅली उघडत नाही. ई-वे बिल काढायचंय, गाडी भरून उभी आहे."

नेट कंपनीच्या नावाने बोटं मोडून झाली होती. खरं तर लाइन ठणठणीत होती. राउटर सहसा जोडलेल्या यंत्रांना पत्ते वाटतो. त्याला डीएचसीपी म्हणतात. वायर बाहेरची लाइन घेणाऱ्या वॅन पोर्टाऐवजी आतल्या यंत्रांसाठीच्या लॅन पोर्टात गेली, की एकाच जाळ्यात पत्ते वाटणारे दोघे होतात. जुना १९२.१६८.१ चे पत्ते देत होता, नवा १९२.१६८.० चे. टॅलीचा सर्व्हर जुन्या रांगेत, त्यामुळे नवा पत्ता मिळालेल्यांना तो दिसेना. सकाळी काही बिघडलं नाही, कारण चालू यंत्रं आपला पत्ता मुदतीपर्यंत धरून ठेवतात. लाइट परत आल्यावर सगळ्यांनी पुन्हा पत्ता मागितला आणि जो आधी बोलला त्याचा घेतला. नव्या राउटरची वायर उपटली, कॉम्प्युटर रीस्टार्ट केले, गाडी गेली.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की कारखान्याच्या लाइनला लावण्याआधी राउटर टेबलावर एकटा चालू करा. लॅन पोर्टातून फक्त एक लॅपटॉप जोडा आणि राउटरच्या बुडाशी छापलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाका. पहिलं काम अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलण्याचं. २०१७ च्या जुलैत बीएसएनएलच्या ग्राहकांचे हजारो मोडेम व्हायरसने बंद पाडले, ते कंपनीतून आलेला पासवर्ड तसाच राहिल्यामुळे. वायफायचा पासवर्ड वेगळा ठेवा. तो ड्रायव्हर लोकांपर्यंत पोचतोच. त्यांच्यासाठी गेस्ट नेटवर्क काढून दिलेलं बरं.

मग ठरवा, राउटर कशासाठी हवाय. ऑफिसच्या कॉम्प्युटरना, प्रिंटरला नुसतं वायफाय वाढवून हवं असेल, तर अ‍ॅक्सेस पॉइंट मोड निवडा. त्यात पत्ते वाटायचं काम जुन्याकडेच राहतं. वेगळं जाळं हवं असेल तर वायर वॅन पोर्टात लावा आणि राउटरचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.५०.१ असा काहीतरी करा, कारण दोन्हीकडे १९२.१६८.१.१ असेल तर गोंधळ ठरलेला. लाइन थेट या राउटरवर येत असेल, तर पीपीपीओई, म्हणजे नाव-पासवर्ड टाकून चालू होणारी जोडणी, आहे का ते लाइनवाल्याला विचारा. असल्यास नाव-पासवर्ड आधी मागून घ्या. ते हाताशी नसताना रीसेटच्या भोकात पिन घालू नका, सगळं पुसलं जातं.

पत्र्याच्या शेडमध्ये राउटर लोखंडी कपाटात ठेवणारेही पाहिलेत. लोखंडात वायफाय अडतं, त्यावर सेटिंगचा इलाज नाही.

फर्मवेअर अपडेट गुरुवारी काढू नका. आमच्या भागात त्या दिवशी कारखान्यांना सुट्टी असते म्हणून सोयीचं वाटतं, पण दुरुस्तीसाठी लाइट बहुधा त्याच दिवशी बंद ठेवतात, आणि अपडेट अर्ध्यात तुटलं तर राउटर कायमचा बसू शकतो. यूपीएसवर घ्या, आणि सेटिंगची बॅकअप फाइल आधी लॅपटॉपवर उतरवून ठेवा.